झिरो टीडीएसचं (विरघळलेले क्षार शून्य असलेलं) पाणी असूनही काचेवर ठिपके राहतात, विसळताना काय चुकतंय?

वरचा_मजला:
मंडळी नमस्कार. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. ९ वर्षं शिडी, फडकं आणि वायपरवर काम केलं आणि गेल्या ४ महिन्यांपासून पाण्याचा पोल (टोकाला ब्रश, आत शुद्ध पाण्याची नळी, खिडकी जमिनीवरूनच धुवायची) वापरतोय. गुडघे सुटले, शिडीवरची धाकधूक गेली, पण एका गोष्टीनं पार हैराण झालोय.

पाणी माझं चांगलं आहे. आरओ फिल्टर, त्याच्या पुढे उरलेले क्षार धरणाऱ्या रेझिनची बाटली, टाकीत टीडीएस मीटर घातला की ०००. ब्रशला २ पेन्सिल जेट (सरळ बारीक धार मारणारी तोंडं) आहेत, २ मिमीचे. खिडक्या बहुतेक पांढऱ्या प्लास्टिक फ्रेमच्या, दुसऱ्या मजल्यापर्यंत. ओली असताना काच अशी दिसते की बघत राहावं. तासाभरानं परत त्याच खिडकीखालून गेलो की वरच्या भागात ठिपके ठिपके आणि उजव्या कोपऱ्यातून खाली आलेला एक ओघळ. खालचा अर्धा भाग मात्र स्वच्छ असतो. गेल्या आठवड्यात एका घरचा फोन आला, काकू काही रागावल्या नाहीत पण म्हणाल्या की आधी तू हातानं पुसायचास तेव्हा असं होत नव्हतं. ते फार लागलं मला. शिडी घेऊन परत गेलो आणि सगळ्या काचा फडक्यानं पुसून आलो.

माझी पद्धत सांगतो, वरपासून सुरू करतो, फ्रेम आणि काच एकदमच घासत खाली येतो, मग ब्रश काचेपासून वर उचलतो आणि वरच्या फ्रेमपासून डावीकडून उजवीकडे विसळत खाली येतो. पाणी वाढवून बघितलं, काही फरक नाही. तुम्ही कसं विसळता? ब्रश काचेला टेकवून की उचलून? आणि किती वेळ?

निथळ:
दादा तुमच्या पोस्टमध्येच उत्तर आहे बघा, ठिपके वरच्या भागात आणि ओघळ कोपऱ्यातून. पाणी खराब असतं तर डाग सगळीकडे सारखे दिसले असते, खाली तर जास्तच, कारण शेवटचं पाणी खालीच जमतं. तुमचं पाणी शुद्ध आहे पण काचेवर शेवटी येणारं पाणी तुमचं नाहीये, ते फ्रेममधून येतंय.

वरची फ्रेम आणि काच यांच्यामध्ये जे काळं रबर असतं ना, त्याच्या मागे बारीक फट असते. त्यात धूळ, कोळ्याचं जाळं, मेलेले किडे, सगळं साठतं. तुम्ही जेट मारलात की ती फट पाण्यानं भरते, आणि तुम्ही काच विसळून पुढच्या खिडकीवर गेलात की ती हळूहळू रिकामी व्हायला लागते. पागोळी कशी पाऊस थांबल्यावरही गळत राहते, तसंच. पाच मिनिटं, कधी दहा मिनिटं. एकेक थेंब स्वच्छ काचेवर उतरतो आणि तिथेच वाळतो.

म्हणून मी फ्रेम आणि काच एकदम कधीच करत नाही. एका भिंतीवरच्या सगळ्या खिडक्यांच्या वरच्या फ्रेम आधी घासून धुऊन घेतो आणि सोडून देतो, निथळू दे. मग पहिल्या खिडकीवर परत येतो आणि फक्त काच. विसळताना जेटचं पाणी वरच्या रबराच्या दोन बोटं खाली लागलं पाहिजे. रबराला परत पाणी लागलं की केलेलं सगळं वाया.

मीटरवाली:
निथळ यांचं बरोबर वाटतंय पण एक गोष्ट आधी तपासून घ्या, मीटर टाकीत लावता की ब्रशपाशी? टाकीतलं पाणी काचेपर्यंत जाईपर्यंत पाइप, जोड, पोलच्या आतली नळी, सगळ्यातून जातं. रात्रभर पाइपमध्ये राहिलेलं पाणी सकाळी मोजून बघा, नवीन पाइप असेल किंवा पाइप उन्हात पडला असेल तर रीडिंग नक्की वर गेलेलं दिसेल. शुद्ध पाण्याला काही ना काही ओढून घ्यायची सवयच असते. मी रोज सकाळी ब्रश खाली धरून पाइपभर पाणी सोडून देते, मग एका स्वच्छ धुतलेल्या डब्यात ब्रशचं पाणी घेऊन मोजते. डबा पण त्याच पाण्यानं दोनदा विसळायचा, नाहीतर डब्याचंच रीडिंग येतं.

आणि आकडा म्हणजे नक्की काय तेही सांगते कारण खूप जण नुसते ००० च्या मागे लागतात. १ पीपीएम म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम. समजा विसळून झाल्यावर काचेवर ३० मिली पाणी राहिलं. नळाचं २०० पीपीएमचं पाणी असेल तर वाळल्यावर ६ मिलिग्रॅम क्षार काचेवर राहणार, आणि ते थेंबाच्या कडेला गोळा होतात म्हणून पांढरी कडी दिसतात. तेच ५ पीपीएमचं असेल तर ०.१५ मिलिग्रॅम, डोळ्याला दिसत नाही. १० च्या आत असेल तर माझा अनुभव चांगला आहे, त्याच्या वर गेलं की गडद काचेवर आणि उन्हात कडी दिसायला लागतात.

वरचा_मजला:
ताई आज सकाळी लगेच करून बघितलं. टाकीत ०००. ब्रशपाशी पहिलं पाणी ०१४!! दोनेक मिनिटं सोडल्यावर ००१ वर आलं. म्हणजे रोजची पहिली एकदोन खिडक्या मी चुकीच्या पाण्यानं धूत होतो, हे माहीतच नव्हतं. पण ठिपके दुपारच्या खिडक्यांवर पण असतात, त्यामुळे फक्त तेवढंच कारण नसणार.

निथळभाऊ, फ्रेम आधी सगळ्या करायच्या म्हणजे दुप्पट वेळ जाणार ना? एका खिडकीवर दोनदा जायचं.

निथळ:
दुप्पट नाही जात. पहिल्या फेरीत फक्त वरची पट्टी आणि कोपरे, खिडकीला दहा सेकंद. आणि दुसऱ्या फेरीत काच लवकर होते कारण वरून आलेल्या पाण्यानं काचेवरची माती तोपर्यंत भिजलेली असते. परत शिडी घेऊन जाण्यात किती वेळ गेला ते आठवा.

दर महिन्याच्या किंवा दोन महिन्यांच्या खिडक्या असतील तर मी वरची फ्रेम प्रत्येक वेळी करतसुद्धा नाही, तीनचार फेऱ्यांतून एकदा. मधल्या वेळी ब्रश रबराच्या खालूनच सुरू. गिऱ्हाइकाला तसं आधी सांगून ठेवायचं.

जुना_ब्रश:
मी या कामात खूप वर्षं आहे म्हणून थोडं लांब लिहितो, चालवून घ्या.

तुम्ही एक दिवस असं करा, एक खिडकी धुवा, पाणी बंद करा, पोल भिंतीला नका टेकवू, आडवा ठेवून द्या आणि त्या खिडकीकडे पंधरा मिनिटं नुसतं बघत बसा. जमलं तर समोरच्या बाजूनं, काचेत आभाळाचं प्रतिबिंब दिसेल असं. कोणी करत नाही हे, सगळ्यांना पुढच्या खिडकीची घाई. मी स्वतः तिसऱ्या वर्षी केलं आणि तेव्हा मला विसळणं म्हणजे काय ते कळलं. आधी सगळी काच ओली असते. मग वरच्या कडेपासून ती वाळायला लागते, पाण्याची कड खाली खाली सरकते, पडदा उतरावा तशी. वरचा वीतभर भाग कोरडा झाला की मग रबराच्या मधोमध एक थेंब जमताना दिसतो. तो फुगतो, थांबतो, अजून फुगतो आणि मग सुटतो. कोरड्या काचेवरून तो सरळ येत नाही, वाकडातिकडा येतो, मध्येच अडकतो आणि जिथे अडकला तिथे तुमचा ठिपका. ओल्या काचेवर तोच थेंब आला असता तर पाण्यात मिसळून खाली गेला असता. म्हणजे त्रास थेंबाचा कमी आणि तो केव्हा येतो याचा जास्त.

दुसरं म्हणजे डागाकडे जवळून बघायला शिका. पांढरं कडं, मध्ये रिकामं, ओल्या बोटानं गेलं आणि वाळल्यावर परत फिकट दिसलं तर क्षार, म्हणजे पाण्याचा प्रश्न. राखाडी किंवा तपकिरी ठिपका, बोटाला माती लागली तर फ्रेममधलं किंवा ब्रशमधलं. बोटाला पांढरी पूड लागली आणि फ्रेमवर घासलं तरी तीच पूड निघाली तर फ्रेमचा रंग उन्हानं पिठासारखा झालाय, रंगवलेल्या ॲल्युमिनियमचं असं होतं, जुन्या प्लास्टिकचंही होतं. त्या फ्रेमला जितकं घासाल तितकं दूध उतरत राहणार. तिथे फ्रेमला हातच लावायचा नाही आणि मालकाला आधी दाखवून ठेवायचं.

काचकाम७:
चांगला धागा. पण मूळ प्रश्न राहूनच गेला, ब्रश टेकवून की उचलून. माझं उत्तर, काच बघून ठरवा.

दोन जातीच्या काचा असतात. एकीवर पाणी मारलं की ते पसरतं, अख्ख्या काचेवर एकसंध पातळ पडदा धरतं. हिला हायड्रोफिलिक म्हणतात. दुसरीवर पाण्याचे मोती होतात, वेगवेगळ्या धारा होऊन पळतात, मध्ये कोरड्या वाटा राहतात, ती हायड्रोफोबिक. एकाच घरात, एकाच भिंतीवर दोन्ही असू शकतात. टायटॅनियम डायऑक्साइडचा थर दिलेली ‘स्वतः स्वच्छ होणारी’ काच पहिल्या जातीत येते, पिल्किंग्टन ॲक्टिव्ह नावाची २००१ साली आली ती तशीच. कोणी पावसाचं पाणी झटकणारं लिक्विड किंवा सिलिकॉन असलेलं पॉलिश मारलं असेल तर ती दुसऱ्या जातीत.

पाणी पसरणाऱ्या काचेवर ब्रश उचलून विसळा, काही प्रश्न नाही, वर पाणी सोडलं की पडदा स्वतःच सगळं घेऊन खाली जातो. मोती होणाऱ्या काचेवर मात्र उचलून विसळलंत तर पेन्सिल जेटच्या दोन धारा दोन रस्ते करतात आणि मधली घाण तिथेच राहते. तिथे मी ब्रश काचेला टेकवूनच ठेवतो, जेमतेम टेकलेला, दाब नाही, आणि ब्रशच्या पूर्ण रुंदीनं पाणी खाली ढकलत आणतो. एक पट्टा, मग अर्धा ब्रश आधीच्या पट्ट्यावर चढवून दुसरा पट्टा. आणि जमत असेल तर फॅन जेट लावा, पंख्यासारखं पाणी उघडतं, मधली वाट राहत नाही. वाऱ्यात मात्र फॅन जेट उडतात, तेव्हा पेन्सिलच बरे.

निथळ:
काचकाम, टेकवून विसळायला माझी हरकत नाही पण त्यात एक धोका आहे तो सांगितला पाहिजे. ज्या ब्रशनं आत्ता घासलं त्याच ब्रशनं विसळताय. केसांच्या मुळाशी माती बसलेली असते आणि ती शेवटच्या पट्ट्यात थोडी थोडी सुटते. म्हणून घासणं झाल्यावर ब्रश काचेवरून उचला, बाजूच्या भिंतीकडे नाही, मोकळ्या हवेत धरा, पाच सेकंद पाणी चालू ठेवा म्हणजे केसांतून घाण धुऊन जाईल, आणि मग टेकवा. मी दर चारपाच खिडक्यांनी ब्रश खाली घेतो आणि केस बोटांनी फाकवून बघतो. कधीकधी मुळाशी कोळ्याच्या जाळ्याची अख्खी वात निघते.

जुना_ब्रश:
अगदी. आणि नवीन ब्रश असेल तर पहिल्या दिवशी आधी भरपूर धुऊन घ्या. आमच्याकडच्या एका पोरानं बादलीतल्या साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवला होता, मग दोन दिवस प्रत्येक काचेवर निळसर पापुद्रा येत होता, कितीही विसळा. साबणाचा आणि या पद्धतीचा संबंध नाही ठेवायचा. ज्या खिडक्या वर्षानुवर्षं साबणानं धुतल्यात त्यांच्यावर जुन्या साबणाचा थर असतोच, तो निघायला पहिल्या एकदोन धुण्यांना जास्त पाणी लागतं. पहिलं धुणं मी नेहमी दोनदा करतो, घासा विसळा, परत घासा विसळा, आणि मालकाला सांगून ठेवतो की खरा फरक दुसऱ्या फेरीला दिसेल.

पाणीवाटप:
धागा काढणाऱ्यांनी लिहिलंय पाणी वाढवून बघितलं काही फरक नाही, त्यावर थोडं. फरक पडणारच नाही, उलट वाढतं. जास्त पाणी मारलं की ते वरच्या फटीत अजून आत जातं, आणि खालच्या सिलवर (खिडकीखालच्या कट्ट्यावर) आपटून सिलवरची माती काचेच्या तळाशी उडवतं. मिनिटाला दीड ते दोन लिटर पुरतं. २ लिटरच्या हिशोबानं वीस सेकंद विसळलं तरी साधारण ६५० मिली होतं, एका मध्यम काचेला ते खूप झालं, फक्त ते योग्य जागी पडलं पाहिजे.

उंचीचा हिशोब पण लक्षात ठेवा. पाणी १० मीटर वर चढवायला साधारण १ बार दाब नुसता चढण्यात जातो. म्हणजे खाली जमिनीवर पंप सेट केला तेव्हा जेट छान होते आणि तिसऱ्या मजल्यावर ते मंद होतात. मग माणूस वर विसळताना घाई करतो, त्याला वाटतं पाणी पोचतंय. उंच खिडकीसाठी पंपाचा कंट्रोलर (पाणी कमीजास्त करणारा) वाढवा आणि खाली आलात की कमी करा, एकाच आकड्यावर दिवसभर ठेवू नका.

आणि सिल कधी? सिल काचेच्या आधी एकदा ओली करून घासून घ्या, शेवटी फक्त हळूच पाणी वाहू द्या, जेट सिलवर सरळ आपटू देऊ नका. ब्रश तिरका धरला की पाणी बाहेरच्या बाजूला जातं.

वरचा_मजला:
किती काय काय कळतंय, सगळ्यांचे आभार. माझ्या बऱ्याच खिडक्यांना वरच्या फ्रेममध्ये हवेसाठी एक लांब पट्टी असते, जाळीसारखी, तिचं काय करायचं? ठिपके तिथेच जास्त आहेत असं आता जाणवतंय.

निथळ:
ती पट्टी म्हणजे सगळ्यात मोठा चोर. तिच्यात पाणी साठतं आणि ते सगळ्यात उशिरा बाहेर येतं, खिडकी वाळल्यावर आरामात. तिच्यावर जेट कधीच नाही. ब्रश नुसता ओलसर असताना, पाणी बंद करून, तिच्यावरून एकदा फिरवा, बस. पोलला पाणी बंद करायची चावी नसेल तर बसवून घ्या, पाइप दुमडून पण जमतं. पट्टी फारच घाण असेल तर ते वेगळं काम, पोलला मायक्रोफायबर गुंडाळून कोरडं पुसायचं.

मीटरवाली:
अजून एक गोष्ट राहिली, हे माझ्या बाबतीत झालंय म्हणून मनापासून सांगते. माझा मीटर ००० दाखवत होता, तरी खिडक्यांवर पांढरट झाक यायला लागली. आधी मी स्वतःच्या विसळण्याला दोष दिला, पद्धत बदलली, जेट बदलले, काही नाही. शेवटी रेझिन बदललं आणि दुसऱ्याच दिवशी काचा स्वच्छ. कारण सिलिका. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून आकडा काढतो. सिलिका पाण्यात जवळजवळ विद्युतभार घेतच नाही, म्हणून मीटरला ती दिसत नाही. आणि रेझिन संपत आलं की जे सैल धरलेलं असतं ते आधी निसटतं, त्यात सिलिका पुढे. तिचे डाग एकदा काचेवर बसले आणि उन्हात तापले की काढायला फार कठीण, क्षारांसारखे सौम्य आम्लानं सुटत नाहीत.

म्हणून रेझिन आकडा वर चढेपर्यंत ताणू नका. किती लिटर पाणी त्यातून गेलं याची वही ठेवा, मीटर वर जाण्याच्या थोडं आधी बदला. आरओच्या पुढे असेल तर रेझिन बरंच जास्त चालतं, कारण बहुतेक क्षार आरओच्या मेंब्रेननं (आतल्या पडद्यानं) आधीच अडवलेले असतात. आणि कार्बन फिल्टर वेळेवर बदला, तो क्लोरीन खातो, क्लोरीन पुढे गेलं की मेंब्रेन खराब होते आणि मग सगळा भार रेझिनवर.

आरओ सुरू केल्याबरोबर पहिली काही मिनिटं जे पाणी येतं ते पण टाकीत घेऊ नका, बंद असताना मेंब्रेनच्या पलीकडे क्षार झिरपून आलेले असतात. ते सोडून द्यायचं.

काचकाम७:
हे मला माहीत नव्हतं ताई. मी नेहमी म्हणायचो मीटर खोटं बोलत नाही.

उन्हातली_भिंत:
उशिरा आले. ऊन आणि वारा कोणीच काढला नाही म्हणून लिहिते. तापलेल्या काचेवर तुम्ही घासता घासता पाणी वाळतं, म्हणजे सुटलेली माती विसळायच्या आधीच परत चिकटते. पाणी शुद्ध असलं तरी त्यात आता माती विरघळलीये ना. मी सूर्याच्या मागे मागे फिरते, सकाळी पश्चिमेकडच्या भिंती, दुपारनंतर पूर्वेकडच्या. नाइलाज असेल तर आधी काचेवर नुसतं पाणी सोडून ती गार करते आणि एक एक काच पूर्ण करते, अर्धी सोडून पुढे जात नाही. अगदी भर उन्हात रापलेली काच असेल तर ती नंतरसाठी ठेवते, गरम काचेवर एकदम गार पाणी टाकणं मला बरं वाटत नाही.

वाऱ्यात सगळ्यात वरची आणि वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूची खिडकी आधी. नाहीतर वरच्या खिडकीचे तुषार खालच्या धुतलेल्या खिडकीवर, आणि त्यात त्या वरच्या खिडकीची माती. एकाच खाली एक खिडक्या असतील तर वरची पूर्ण झाल्याशिवाय खालच्या काचेला हात लावू नका.

आणि पोल वर नेताना विजेच्या तारा बघा हो. कार्बन फायबरमधून वीज जाते, हे अजूनही बऱ्याच जणांना माहीत नाही. ठिपका राहिला तर परत धुता येतो.

वरचा_मजला:
मंडळी रिपोर्ट देतोय. काल एका घरी एकाच भिंतीवर सहा सारख्या खिडक्या होत्या, मालकांना विचारून तीन माझ्या जुन्या पद्धतीनं केल्या आणि तीन तुम्ही सांगितलेल्या. पाइप आधी रिकामा केला, ब्रशपाशी ०००. काचेवर पाण्याचे मोती होत होते म्हणून नव्या पद्धतीच्या तीनवर ब्रश टेकवून विसळलं, रबराच्या दोन बोटं खालून. हवेच्या पट्टीला पाणी नाही. कंट्रोलर दोन घर खाली आणला.

मग जुना_ब्रश यांनी सांगितल्याप्रमाणे समोर बसून राहिलो. घड्याळ लावून. जुन्या पद्धतीच्या खिडकीवर सातव्या मिनिटाला पट्टीच्या डाव्या टोकातून पहिला थेंब आला, काच तोपर्यंत अर्धी वाळली होती. तो वीतभर खाली येऊन अडकला. मग दुसरा, मग तिसरा, सगळे त्याच टोकातून. ४ महिने हे रोज होत होतं आणि मी तेव्हा पुढच्या खिडकीवर असायचो. खरं सांगतो अंगावर काटा आला. नव्या पद्धतीच्या तीनपैकी दोन खिडक्या वाळून कोरड्या झाल्या, एकही ठिपका नाही, मी दुर्बिणीतून बघितलं. मालक पण बाहेर आले आणि त्यांना न सांगता त्यांनी बरोबर त्याच खिडक्या दाखवल्या.

तिसऱ्या खिडकीवर मात्र उजव्या कोपऱ्यातून तो ओघळ आलाच. शिडी लावून वर जाऊन बघितलं तर कोपऱ्यात रबर आखडून मागे सरकलंय, करंगळीचं टोक जाईल एवढी फट आहे. आत काळा गाळ. फ्रेम आधी धुतली तेव्हा ती फट भरली आणि काच होईपर्यंत रिकामी झाली नाही. यावर काही उपाय?

जुना_ब्रश:
बसून बघितलंत हे वाचून फार बरं वाटलं.

तो कोपरा तुमच्यानं दुरुस्त होणार नाही, रबर बदलायला लागेल, मालकांना फोटो काढून दाखवा. तोपर्यंत पहिल्या फेरीत त्या कोपऱ्याला पाणीच नको, कोरडा सोडा. काच विसळताना त्या बाजूनं सुरुवात करा आणि शेवट दुसऱ्या बाजूला करा म्हणजे चुकून थेंब आलाच तर काच अजून ओली असताना येईल. आणि सगळं घर झाल्यावर पाइप गुंडाळायच्या आधी परत एकदा त्या खिडकीखाली जा. ओघळ दिसला तर तेवढाच पट्टा ब्रश टेकवून खाली आणा, रबरापर्यंत वर न जाता.

पाणीवाटप:
मी असल्या कोपऱ्यांची यादीच ठेवतो, घराप्रमाणे. ‘मागची बाजू, वरून दुसरी, उजवा कोपरा’ असं. पुढच्या वेळी वर नजर टाकायच्या आधी यादी बघायची.

वरचा_मजला:
यादीचं लगेच सुरू करतो. उद्या त्या फोन केलेल्या काकूंकडे जाणार आहे, यावेळी पोल घेऊनच, शिडी गाडीतच ठेवीन. त्यांच्या खिडक्यांना सगळ्यांना ती हवेची पट्टी आहे. मीटरवाली ताई, रेझिन मार्चपासून बदललेलं नाही, लिटरची वही पण नाही, आधी तेच बदलून घेऊ की एक फेरी बघू?

मीटरवाली:
आधी बदला. वही नाही म्हणजे किती उरलंय ते तुम्हालाही सांगता येणार नाही, आणि उद्या त्यांच्याकडे ठिपका आला तर पट्टीचा होता की सिलिकाचा हे परत कळणार नाही. नवीन भरलंत की पहिल्या दिवसापासून लिटर लिहा.